केअर सेंटरच्या करारावर सही कोणाची?

पुण्याच्या कडेकडेने, म्हणजे धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वारजे, उंड्री आणि पश्चिमेला भूगाव-पिरंगुटपर्यंत, बंगल्यांच्या फाटकांवर ‘केअर सेंटर’, ‘ज्येष्ठ निवास’, ‘वृद्धसेवा केंद्र’ अशा पाट्या गेल्या काही वर्षांत फार वाढल्या आहेत. वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्था या शहराला नव्या नाहीत. नवी पेठेतील ‘निवारा’ ही संस्था थेट १८६३ सालची आहे. परंतु पूर्वीची संस्था प्रामुख्याने निराधारांसाठी आणि धर्मादाय असे, तर आजचे केंद्र मासिक शुल्क घेऊन, बहुधा भाड्याच्या बंगल्यात चालते आणि तिथे राहणाऱ्या आजी-आजोबांना मुले असतात, पेन्शन असते, कित्येकदा कोथरूडला स्वतःचा फ्लॅटही असतो. वृद्धसेवा हा व्यवसाय झाला म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. घरी चोवीस तासांची बाई मिळत नाही, ब्यूरोकडून आलेली दर महिन्याला बदलते, सून आणि मुलगा दोघेही नोकरीला जातात; अशा घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची आबाळ होण्यापेक्षा चांगले केंद्र केव्हाही बरे. माझा आक्षेप वेगळा आहे. या सगळ्या व्यवहारात जो माणूस तिथे राहणार, खाणार, झोपणार आणि बहुधा तिथेच शेवटचा श्वास घेणार, त्याला पक्षकार म्हणून कोणी मोजतच नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या मदतकक्षात बसते. लोक कागद घेऊन येतात आणि मी ते वाचून देते. कर्जाचे करार वाचण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे बारीक अक्षरातील मजकूर आधी वाचण्याची खोड लागलेली आहे. केअर सेंटरचे करारनामे तिथेच प्रथम माझ्या हाती पडले. त्यांचा साचा जवळपास सारखा असतो. ‘लिहून घेणार’ म्हणजे संस्था, ‘लिहून देणार’ म्हणजे मुलगा, मुलगी किंवा पुतण्या, आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांचा उल्लेख पुढे कुठेतरी ‘सदर वृद्ध व्यक्ती’ असा. संस्थेला कोणतेही कारण न देता सात दिवसांत जागा रिकामी करून मागता येईल. अनामत रकमेतून ‘आवश्यक ती’ कपात करता येईल. पडून दुखापत झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. मौल्यवान वस्तू व मोबाइल कार्यालयात जमा करावे लागतील. एका करारात तर ‘व्यवस्थापनाचा निर्णय रहिवाशावर व नातेवाइकांवर बंधनकारक राहील’ असे वाक्य होते आणि खाली रहिवाशाच्या सहीसाठी जागासुद्धा नव्हती. ज्या आजोबांना त्या करारान्वये तिथे ठेवले होते ते निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा वळणदार होते आणि त्यांच्या बुद्धीला काहीही झालेले नव्हते. पडल्यामुळे खुबा मोडला होता इतकेच.

करारात काहीही लिहिले म्हणून ते कायद्याने टिकतेच असे नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पैसे मोजणारा जसा ग्राहक, तसाच त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहकच असते. म्हणजे शुल्क अमेरिकेतील मुलगा भरत असला तरी तक्रार करण्याचा अधिकार खाटेवरील आईला स्वतःला आहे. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लावण्याची सक्ती नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वाजवी कारण न देता एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी किंवा अवाच्या सवा अनामत मागणारी कलमे याच कायद्याने ‘अनुचित करार’ या व्याख्येत घातली आहेत. मात्र त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. जिथे राहणे-जेवणे पूर्णपणे मोफत आहे अशा धर्मादाय संस्थेला हा मार्ग लागू पडत नाही, पण ती नोंदणीकृत न्यास असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते.

आता देखरेखीबद्दल. केंद्र सुरू करायला परवाना कोणाचा लागतो, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यात राज्य शासनाने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, सुरुवातीला दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, असे म्हटले आहे. परंतु तिथेही शब्द ‘उभारू शकेल’ या धर्तीचा आहे आणि खासगी केंद्रांच्या नोंदणीबद्दल तो कायदा काहीच बोलत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. त्यात केअर होमची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले, चर्चा झाली आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तसे तेही बारगळले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये, डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर, वृद्धांना सन्मान, निवारा आणि आरोग्य यांचा हक्क आहे असे स्पष्ट म्हटले होते आणि राज्यांकडून जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती मागवली होती. राज्याचे समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. तरीही त्याच शहरातील एखादे खासगी केंद्र कोणाच्या अखत्यारीत येते हे विचारत फिरणारा माणूस या टेबलावरून त्या टेबलावर जात राहतो.

एक दार मात्र उघडे आहे आणि त्याचा पुरेसा वापर होत नाही असे माझे मत आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ मध्ये शुश्रूषागृहाची जी व्याख्या आहे तिच्यात आजारी आणि जखमी माणसांबरोबर दुर्बल, विकलांग अवस्थेतील माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागाही येते. ज्या केंद्रात नाकातल्या नळीने अन्न दिले जाते, लघवीची नळी बदलली जाते, इन्शुलिन टोचले जाते आणि जाहिरातीत ‘चोवीस तास नर्सिंग’ असे ठळक छापले जाते, त्या केंद्राने नोंदणीचा विषय निघाला की ‘आम्ही हॉस्पिटल नाही, आम्ही फक्त सांभाळ करतो’ असे सांगावे, हे मला पटत नाही. महापालिकेच्या हद्दीत ही नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. २०२१ मध्ये या कायद्याखालील नियम सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून आपल्या प्रभागातील कोणती केंद्रे या कायद्याखाली नोंदलेली आहेत हे कोणालाही विचारता येते, आणि केंद्र निवडण्यापूर्वी तो अर्ज करावा असा माझा आग्रह असतो. बागेतील झोपाळा आणि गणपतीचे छोटे मंदिर पाहून निर्णय घेणारेच जास्त भेटतात, हा भाग निराळा.

हक्क हा शब्द काढला की लोकांना न्यायालय आठवते. प्रत्यक्षात केंद्रातील माणसाचे हक्क दिवसाच्या वेळापत्रकात मोडतात. बऱ्याच ठिकाणी अंघोळी पहाटे चारला सुरू होतात. कारण विचारले तर ‘सवय असते हो जुन्या लोकांना’ असे उत्तर मिळते. खरे कारण असे की रात्रपाळीच्या मावशी सकाळी आठला सुटतात आणि सुटण्यापूर्वी सगळ्यांना न्हाऊ-माखू घालून बसवायचे असते. डिसेंबरात, त्या गावाबाहेरच्या गारठ्यात, ऐंशी वर्षांच्या माणसाला पहाटे चारला उठवायचे आणि मग नाश्ता येईपर्यंत खुर्चीत बसवून ठेवायचे, याला कुठलाही कायदा थेट हात घालणार नाही. हे वेळापत्रक करारातच घालावे लागते: उठण्याची वेळ, अंघोळीची वेळ, चहा किती वेळा, स्त्री रहिवाशाची अंघोळ आणि डायपर बदलण्याचे काम स्त्री कर्मचारीच करील, आणि तेव्हा पडदा ओढला जाईल. या शेवटच्या वाक्यावर एका व्यवस्थापकाने मला ‘मॅडम, एवढे कोण लिहितं?’ असे विचारले होते. लिहिले नाही म्हणून हॉलमध्ये सगळ्यांदेखत लुगडे सोडले जाते, हे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी ते वाक्य घातले.

माझी आत्या स्मृतिभ्रंशामुळे अशाच एका केंद्रात होती. एकदा सायंकाळी मी न कळवता गेले, तेव्हा तिचे उजवे मनगट खाटेच्या कठड्याला रुंद बँडेजच्या पट्टीने बांधलेले होते. गाठ घट्ट नव्हती, कातडीवर वळही नव्हता. बांधणाऱ्याने काळजीनेच बांधले होते. ती पट्टीचे टोक दुसऱ्या हाताच्या बोटांनी गुंडाळत होती आणि सोडत होती. मी विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “ताई, राती आम्ही दोघीच असतो. वर चौदा जण. आजी उठून चालाय लागतात. पडल्या तर तुम्हीच आम्हाला बोलणार.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार आणि कसलेही प्रशिक्षण नाही. सकाळी उठून दुसऱ्या घरी कामाला जाणाऱ्या त्या बाईवर मी काय चिडणार? पण माणूस बांधून ठेवण्याचा निर्णय तिच्या गाठीवर सोपवणाऱ्या व्यवस्थेवर चिडायलाच हवे, आणि मी त्याच रात्री संस्थाचालकांना तसे लेखी कळवले.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ मध्ये या बाबतीत फार स्वच्छ भाषा आहे. एकांतकोंडी अजिबात करता येत नाही. शारीरिक बंधन घालायचे तर तात्काळ होऊ घातलेली इजा टाळण्याचा तो एकमेव उपाय असला पाहिजे आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने त्यास मंजुरी दिलेली असली पाहिजे. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बंधन घालता येत नाही आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणावरून तर नाहीच. हा कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू होतो आणि प्रत्येक वृद्धाश्रम त्या व्याख्येत बसत नाही, ही पळवाट मला ठाऊक आहे. मात्र मनोरुग्णालयातसुद्धा जे करता येत नाही ते धायरीच्या बंगल्यात करता यावे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. शिवाय भारतीय न्याय संहितेत अन्यायाने एखाद्याला कोंडून ठेवणे हा कलम १२७ खाली गुन्हा आहेच, आणि तो करणारा नातेवाइकांची तोंडी परवानगी दाखवून सुटेल असे समजण्याचे कारण नाही.

बांधण्याला पर्याय असतात, फक्त त्यांना थोडे डोके आणि थोडे मनुष्यबळ लागते. खाट जमिनीपासून हातभर उंचीची असावी किंवा खाली गादी टाकावी. झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा स्वच्छतागृहात नेऊन आणावे, कारण रात्री उठणारी कित्येक माणसे लघवीसाठीच उठत असतात. दिवसा खुर्चीत पेंगत न ठेवता फिरवून आणावे. चौथा उपाय म्हणून जे सुचवले जाते त्याला मात्र माझा सक्त विरोध आहे, तो म्हणजे गोळी. ‘आजी शांत राहाव्यात म्हणून डॉक्टरांनी दिली आहे’ असे म्हटले की नातेवाईक पुढे विचारत नाहीत. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना वर्तन आवरण्यासाठी अँटिसायकोटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरची, औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने नव्या पिढीच्या औषधांसाठी २००५ मध्ये आणि जुन्यांसाठी २००८ मध्ये छापायला लावला. त्यांची कधीच गरज नसते असे मी म्हणत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण कोणते औषध, किती, कशासाठी, कधीपासून आणि कधी थांबवून पाहणार, हे प्रश्न विचारणे आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत हातात घेणे हा रहिवाशाचा व त्याच्या माणसांचा अधिकार आहे. दुपारी चार वाजता हॉलमधील सगळेच गाढ झोपलेले दिसले, तर ती शांतता समजू नये.

कागदपत्रांचा मी इतका घोष लावते त्याला आणखी एक कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे झाले नाही तर माकडहाड, टाच आणि खुब्यावर प्रथम लाली येते, ती बोटाने दाबली तरी जात नाही, मग कातडी सुटते आणि पुढे हाडापर्यंत पोचणारी जखम होते. त्यामुळे कूस बदलल्याच्या नोंदीचा तक्ता, दर महिन्याचे वजन आणि पडल्याची नोंदवही, या तीन गोष्टी मागितल्या की केंद्राचा स्वभाव कळतो. एका ठिकाणी मला तक्ता दाखवला गेला तेव्हा त्यावर त्या रात्रीच्या पहाटे सहापर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या होत्या आणि घड्याळात सायंकाळचे सात वाजले होते. करार करून स्वीकारलेल्या असहाय माणसाची शुश्रूषा जाणूनबुजून न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ आहे, पण कलम आहे हे पोलीस ठाण्यात सांगता येणे उपयोगी पडते.

मोबाइलचा प्रश्न लहान वाटतो, तो लहान नाही. फोन कार्यालयात, बोलण्याची वेळ पाच ते सहा, आणि तेही स्पीकर सुरू ठेवून व्यवस्थापकांच्या समोर. मग ‘कशी आहेस आई?’ या प्रश्नाला ‘मजेत’ याखेरीज दुसरे कुठले उत्तर येणार? फोन जवळ ठेवणे, आलेले पाकीट न फोडता मिळणे, भेटीला आलेल्या माणसाशी एकट्याने बोलता येणे, हे मिळत नसेल तर बाकीचे हक्क कागदावर राहतात, कारण तक्रार बाहेर पडायला वाटच उरत नाही. पैशाचेही तसेच. एटीएम कार्ड आणि पिन केंद्राच्या स्वाधीन करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे, असे मी बँकेतील अनुभवावरून सांगते. पेन्शनरांचा हयातीचा दाखला आता मोबाइलवरून चेहरा दाखवूनही काढता येतो, त्यासाठी कार्ड कोणाला देण्याची गरज नसते. मतदार यादीतील पत्ता राहत्या केंद्राच्या ठिकाणी आणण्यासाठी नमुना आठ भरता येतो, आणि पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना नमुना बारा-ड भरून घरून मतदानाची सोय २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत होती. एकाही केंद्राने स्वतः होऊन हे फॉर्म मागवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उपचारांविषयीही माणसाला विचारायचे सोडून व्हिडिओ कॉलवर मुलाला विचारले जाते. बुद्धी शाबूत असेल तोवर संमती रुग्णाची. ती पुढे राहणार नाही याचा अंदाज असेल, तर शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली असून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे केलेले निवेदन पुरते. त्याची प्रत केंद्राच्या फाइलमध्ये असावी.

नातेवाइकांबद्दल दोन शब्द कडक लिहितेच. सहा महिन्यांचे पैसे भरून फोन बंद करणारी मुले आहेत. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठ नागरिकाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडले, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि ‘कुठेही’ मध्ये भरपूर शुल्काचे केंद्रही येते असे मी मानते. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेऊन नंतर आई-वडिलांना बाहेर ठेवले असेल, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येते, मात्र ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी यावर न्यायालये भर देतात. हे अर्ज प्रांतांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, न्यायाधिकरणापुढे चालतात. निर्वाहाचा अर्ज करण्याची ताकद त्या व्यक्तीत नसेल, तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते.

हे सगळे माहीत असूनही तक्रारी येत नाहीत, त्याचे कारण भीती. तक्रार केल्यानंतर रात्री पुन्हा त्याच मावशींकडून डायपर बदलून घ्यायचा असतो. अमेरिकेत प्रत्येक राज्यात दीर्घकालीन निवासांसाठी स्वतंत्र लोकपाल असतो आणि तो रहिवाशाच्या बाजूने, त्याच्या संमतीने बोलतो; आपल्याकडे तसे पद नाही. १४५६७ या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनवर फोन करता येतो, जीवाला धोका असेल तर ११२ आहेच. पण नियमित येणारे-जाणारे बाहेरचे माणूस असणे याला पर्याय नाही. म्हणून आमच्या संघाने परिसरातील केंद्रांना पत्रे देऊन ठरवले आहे की दोन सदस्य, त्यांत एक स्त्री, जेवणाच्या वेळी न कळवता जातील, रहिवाशांशी त्यांच्या खोलीत बोलतील, आणि कोणाचे नाव न घेता व्यवस्थापनाला लेखी टिपण देतील. काही केंद्रांनी लगेच होकार दिला आणि चहाही पाजला. काहींनी ‘आधी नातेवाइकांची परवानगी आणा’ असे कळवले. त्यांना आम्ही उलट पत्र पाठवले आहे की परवानगी आम्ही खोलीत राहणाऱ्यांकडे मागू, आणि ज्यांनी दार उघडले नाही त्यांची यादी महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्यायच्या अर्जाला जोडू.